केस राठ नव्हते, नागमोडी होते

वीस वर्षं मी धरूनच चालले होते की आपले केस राठ आणि हट्टी. त्यात आमचं भुसावळ: मे महिन्यात पारा ४५च्या आसपास, बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर धरतो. दोष ऊन-पाण्यावर टाकायचा आणि कोरड्या केसांतून बारीक दातांचा कंगवा ओढायचा. केस अगदी पिंजलेला कापूस. आजी म्हणायची, “तेल थाप, बसतील.” केस बसले नाहीत, उशी तेवढी तेलकट झाली.

एका रविवारी केस धुतले आणि काहीच केलं नाही. ना तेल, ना कंगवा, ना टॉवेलने खसाखसा. तासाभराने आरशात पाहिलं: मुळाशी सपाट, कानापासून खाली बटांना इंग्रजी एससारखं वळण! अमेरिकन केशरचनाकार आंद्रे वॉकरच्या केसांच्या वर्गवारीत १ सरळ, २ नागमोडी, ३ कुरळे, ४ घट्ट वेटोळे. प्रत्येकात पुन्हा ए, बी, सी असे पोटप्रकार. माझे २बी, म्हणजे नागमोडीतले मधले. मग एक केस चिमटीत फिरवून पाहिला, जेमतेम जाणवला. म्हणजे बारीक. तेलाने चिपकणारच!

आता गुंता ओल्या केसांतच, कंडिशनर लावून, रुंद दातांच्या कंगव्याने सोडवते. शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे (घरच्यांना ही उधळपट्टी वाटते). टिपायला जुनी सुती साडी. तेल चार थेंब, तेही धुण्याआधी.

महिनाभरात पिंजारणं बरंच कमी झालं. मानेजवळची एक बट मात्र चक्क ३एसारखी कुरळी निघाली. तिच्या वाटेला मी जात नाही.