पोट्टं 'सायको' आहे, का त्याचं लक्षच लागत नाही? आधी वही घ्या

माझ्याकडे नागपूरला मानेवाड्यात आठवी ते दहावीची पोट्टी ट्युशनला येतात, अन् दर महिन्याला एखादी आई विचारतेच, मॅडम मारलं तरी डोळ्यात पाणी नाही याच्या, सायको तर नाही न हा? तर ताई, पहिले तो शब्द घरात बोलणं बंद करा, १८ च्या आतल्या पोराला डॉक्टरही तसा शिक्का मारत नाहीत.

मग एक वही घ्या अन् महिनाभर लिहा, काय झालं ते अन् मुख्य म्हणजे त्याच्या नंतर तो कसा वागला. सगळं त्या 'नंतर'मध्येच आहे. एडीएचडीवालं, म्हणजे लक्ष न टिकण्याचा अन् चंचलपणाचा त्रास असलेलं पोट्टं रागात बहिणीला ढकलते, ती रडली की स्वतःच कावरंबावरं होते, अन् उद्या परत तेच करते. ज्याला दुसऱ्याचं काही वाटतच नाही ते पोट्टं सॉरी म्हणते ते मोबाईल परत पाहिजे म्हणून. पण बाबांसमोर दगडासारखं राहणारं पोरगं आजीजवळ रडत असेल तर ते वेगळं, म्हणून शाळेत, मित्रांत कसा वागते तेही विचारा. पश्चात्ताप नाही, दुसऱ्याच्या दुःखाचं काही वाटत नाही, मार्कांची फिकीर नाही, भावना वरवरच्या, यातल्या दोन गोष्टी वर्षभर अन् एकाहून जास्त ठिकाणी दिसल्या पाहिजेत, त्याही मारामारी-चोरीसारखं गंभीर वागणं असेल तरच, असं डॉक्टर मानसिक आजार ओळखायला वापरतात त्या २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकन पुस्तकात आहे. अन् हो, एडीएचडी अन् हा कोरडेपणा, दोन्ही एकाच पोरात असू शकते.

लक्ष न लागणं नववीतच अचानक सुरू झालं असेल तर आधी झोप, मोबाईल अन् खिशातला खर्रा (तंबाखू-सुपारी) बघा, कारण एडीएचडीची लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून असतात, अन् घरी नि शाळेत दोन्हीकडे दिसतात.

पट्टा काढून काही होत नाही. अशा पोरांवर शिक्षेचा परिणाम कमी होते, बक्षिसाचा जास्त, पण बक्षीस लगेच पाहिजे, अर्धा तास गणित केलं की लगेच खाली क्रिकेट. "नव्वद टक्के आण मग सायकल" हे त्याच्या डोक्यात टिकतच नाही.

जनावराला छळणं, आग लावणं, चाकू काढणं असं काही असेल तर वही-बिही राहू द्या, सरळ मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या) मानसोपचार ओपीडीत जा, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, फुकट आहे. शेजाऱ्याच्या पोराची एडीएचडीची गोळी आणून देऊ नका. जाताना तिसरी-चौथीची प्रगतिपुस्तकं न्या, 'हुशार आहे पण चंचल' हा बाईंचा शेरा डॉक्टरला खूप कामाचा असते.