चोरी झाली? फोटो फिरवण्याआधी या चुका टाळा

आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी एक स्कूटर गेली. तासाभरात ग्रुपवर सीसीटीव्हीतला फोटो आला, टोपी घातलेल्या पोराचा. खाली लाल अक्षरांत 'हाच तो चोर, दिसला की धरा'. फॉरवर्ड करणाऱ्यांत मीही होतो. संध्याकाळी कळलं की कॅमेऱ्याचं घड्याळच चाळीस मिनिटं पुढे होतं. ते पोरगं आमचाच पेपरवाला निघालं.

पहिली चूक हीच. फुटेज बघताना आधी स्क्रीनवरची वेळ मोबाइलशी ताडून बघा आणि फरक लिहून ठेवा. मग क्लिप कॉपी करून पोलिसांना द्या. हे लगेच करा, जागा भरली की डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसतो. फुटेजमध्ये 'दिसणारा' आणि 'चोरणारा' यांत फरक असतो, आणि बिनपुराव्याचा फोटो फिरवलात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीचा दावा तुमच्यावरच येऊ शकतो.

दुसरी चूक: आलेला व्हिडिओ इथलाच आणि आजचाच समजणं. 2018 मध्ये मोटारसायकलवरून मूल पळवल्याचा एक व्हिडिओ देशभर फिरला. तो होता कराचीचा, मुलांच्या सुरक्षेविषयी जागृतीसाठी केलेला. शेवटी मोटारसायकलवरचे ते दोघे मूल परत आणून सोडतात, नेमका तोच तुकडा कुणीतरी कापला होता. त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागत आलेली माणसं ती. अफवा चोरांची असली तरी तेच होतं. एप्रिल 2020 मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असेच गेले. व्हॉट्सअॅपने 2018 मध्येच भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली, पण पाच ग्रुप म्हणजे गाव झालंच की!

तिसरी: चोरीचा मोबाइल जुन्या वस्तूंच्या साइटवर दिसला म्हणून गिऱ्हाईक बनून, चार मित्र घेऊन जाणं. समोरच्याने तो विकत घेतलेला असू शकतो. शिवाय मारहाण झाली तर तुम्हीच आरोपी. स्क्रीनशॉट काढा, तपास अधिकाऱ्याला द्या. मोबाइल गेला असेल तर पोलिस तक्रारीची प्रत जोडून संचार साथी या सरकारी पोर्टलच्या सीईआयआर सेवेवरून (चोरीचे फोन ब्लॉक करण्याची सोय) फोनचा आयएमईआय, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, ब्लॉक करा. तो नंबर खोक्यावर असतो. खोकं रद्दीत गेलं असेल तर फोन हातात आहे तोवरच स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून उतरवून घ्या.

'आमच्या हद्दीत नाही' म्हणून पोलिसांनी टोलवलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार. गुन्ह्याची माहिती ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, हे बरेच जण विसरतात.

चुकीचा फोटो गेलाच, तर नुसता डिलीट करू नका, लोकांच्या गॅलरीत तो राहतोच. त्याच ग्रुपवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, 'हा माणूस निर्दोष आहे' असं लिहा. आम्ही लिहिलं, पण तिसऱ्या दिवशी. पेपर आता त्याचा धाकटा भाऊ टाकतो. गेटच्या आत येत नाही, बाहेरूनच फेकतो.