सक्युलंटवरचा पिठ्या ढेकूण: पाऊस उघडलाय, आता कुंडी उलटी करून मुळं बघा

पाऊस उघडला, ऑक्टोबर हीट सुरू झाली की दरवर्षी मला तेच फोटो यायला लागतात. एकेव्हेरियाच्या, म्हणजे गुलाबाच्या फुलासारख्या दिसणाऱ्या जाड पानांच्या सक्युलंटच्या, पानांच्या बेचक्यात कापूस अडकल्यासारखं काहीतरी पांढरं, आणि खाली प्रश्न, दादा ही कुठली बुरशी, काय मारू. बुरशी नाहीये ती. पिठ्या ढेकूण आहे, आपण मिलीबग म्हणतो तो, आणि बुरशीनाशकाने त्याला काही म्हणजे काहीही होत नाही, आठ दिवस मात्र फुकट जातात आणि तेवढ्यात तो शेजारच्या चार कुंड्यांत पोचलेला असतो.

आत्ताच का दिसतो ते सांगतो. पावसाळाभर आपण सगळ्या कुंड्या पत्र्याखाली नाहीतर बाल्कनीच्या आतल्या बाजूला दाटीवाटीने ठेवलेल्या असतात, एकाचं पान दुसऱ्याला टेकलेलं, हवा खेळत नाही, आणि सडू नये म्हणून आपण पाणी बंद ठेवतो त्यामुळे हातात घेऊन झाड बघणंही बंद. किडीला एवढं बास. आता ऊन वाढलं की पिल्लं निघून सगळीकडे पांगतात.

सगळ्यात आधी मुंग्या बघा. कुंडीच्या काठावरून काळ्या मुंग्यांची ये-जा दिसली तर मिलीबग, मावा किंवा खवले कीड यापैकी काहीतरी आहेच असं धरून चाला. या किडी रस शोषतात आणि गोड चिकटा सोडतात, मुंग्या तो खातात आणि बदल्यात मिलीबगला राखतात, त्याचे शत्रू हाकलतात. चिकटा पानावर साचला की त्यावर काळी काजळी धरते. म्हणून मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय बाकी फवारण्या करून उपयोग नाही. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आणि कुठलंच पान भिंतीला टेकू देऊ नका, नाहीतर त्या तिथून पूल करतात.

आता उपाय. दहा-वीस कुंड्या असतील तर औषधाच्या दुकानात जायचंच नाही, मेडिकलमधून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायच्या काड्या आणा. काडी बुडवून प्रत्येक पांढऱ्या ठिपक्याला लावा, त्याचं मेण विरघळतं आणि तो तपकिरी पडतो, मग पुसून घ्या. बेचक्यात नीट बघा, पानाच्या खालच्या बाजूला बघा, वाळलेली खालची पानं आधी काढून टाका कारण ती त्यांची हक्काची लपायची जागा. संध्याकाळी करा आणि दुसऱ्या दिवशी झाड थेट उन्हात ठेवू नका. ज्या एकेव्हेरियावर पांढरी भुकटी असते ना, ती निघाली की त्या पानावर परत येत नाही, तिथे काडी अगदी टोकानेच लावा.

आणि हे एकदा करून संपत नाही!! एक मादी त्या कापसाच्या पिशवीत काही शे अंडी घालते आणि अंड्यांपर्यंत औषध नीट पोचत नाही, उष्ण हवेत साधारण महिन्याभरात पुढची पिढी तयार. म्हणून दर ७ दिवसांनी, कमीत कमी ३ ते ४ वेळा. बहुतेक लोक पहिल्या वेळेनंतर झाड स्वच्छ दिसलं की थांबतात आणि दिवाळीनंतर परत फोटो पाठवतात.

शेडमध्ये हजार ट्रे असतील तर काड्यांनी होणार नाही हे मान्य. तिथे अझाडिरॅक्टिन (कडुनिंबाचं औषध) १५०० पीपीएम ५ मिली प्रति लिटर, सोबत स्टिकर, म्हणजे औषध पानाला धरून ठेवणारं द्रावण, ऊन उतरल्यावर. जेड आणि काट्यांच्या युफोर्बियाला साबणाचं पाणी आणि तेल दोन्ही सोसत नाही, पानं गाळतात, म्हणून आधी एका झाडावर मारून दोन-तीन दिवस थांबा. मॅलेथिऑन हे कीटकनाशक तर जेड आणि त्याच्या भावकीतल्या झाडांवर मारूच नका, पानं जळतात. द्राक्षवाल्यांना माहीत असलेलं व्हर्टिसिलियम लेकॅनी ५ ग्रॅम प्रति लिटर इथेही चालतं, पण त्याला दमट हवा लागते, म्हणजे आत्ता सकाळी धुकं-दव पडतंय तोवर वापरा आणि त्याच्या आगेमागे बुरशीनाशक मारू नका, ती स्वतःच बुरशी आहे. क्रिप्टोलिमस नावाचा भुंगेरा पण मिळतो, १८९८ साली भारतात आणलेला, त्याची अळी स्वतःच मिलीबगसारखी पांढरी झिपरी दिसते, तेव्हा सोडल्यावर चुकून तीच चिरडू नका. दुकानदार इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक मातीत ओतायला सांगतात. ते झाडात भिनतं, कोरफड घरात वापरत असाल तर त्या कुंडीत अजिबात नको, आणि फुलावर आलेल्या झाडालाही नको, मधमाश्या येतात.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसलो. मुळांवरचा मिलीबग. दोन वर्षांपूर्वी मी बाहेरून हॉवर्थिया या छोट्या सक्युलंटचे काही ट्रे आणले, वरून एकदम टवटवीत, एक ठिपका नाही. महिन्या-दीड महिन्याने झाडं थांबली. वाढ नाही, पानं आत वळलेली, पाणी दिलं तरी फुगत नाहीत. मी आपला पाणी कमी-जास्त करत बसलो. शेवटी एक ३ इंची कुंडी दाबून मातीचा गड्डा बाहेर काढला तर कुंडीच्या आतल्या बाजूला पिठाचा हात फिरवल्यासारखा पांढरा थर आणि मुळांत बारीक तांदळाच्या कणीएवढे जीव हळूहळू सरकताहेत. तोवर मी त्याच टेबलावरच्या बाकी कुंड्यांनाही एकाच ट्रेत पाणी पाजलेलं. वरचं पाणी खाली, खालचं पाणी शेजारी, कीड सगळीकडे. जवळजवळ निम्मा टेबल गेला.

पर्लाइट (मातीत मिसळतात ते हलके पांढरे खडे) आणि ही कीड यात लोक फसतात. नखाने दाबून बघा, पर्लाइट कुरकुरीत चुरा होतो, कीड चिकट पुसली जाते. आणि त्या पांढऱ्या थरावर पाणी टाकलं तर थेंब तसाच गोल राहतो, मेण असतं ना.

सापडली तर माती पूर्ण झाडून टाका, ती माती कंपोस्टमध्ये नको, पिशवीत बांधून फेका. मुळं वाहत्या पाण्यात धुवा, जास्त भरलेली मुळं सरळ कापा, घाबरू नका, सक्युलंटला मुळं परत फुटतात. सावलीत ४-५ दिवस सुकू द्या आणि मग नव्या कोरड्या मिश्रणात लावा, पुढे आठवडाभर पाणी नाही. मातीची कुंडी उकळत्या पाण्याने धुवा, प्लास्टिकची स्वस्त असेल तर टाकूनच द्या.

बाकीच्या किडी थोडक्यात. कोरफडीच्या पानावर पांढरे चपटे ठिपके नखाने खरवडून निघत असतील तर ती खवले कीड, जुन्या टूथब्रशने घासून काढा. थंडीत एकेव्हेरियाचा फुलाचा दांडा माव्याने भरतो, दांडा कापून टाकला की विषय संपला. लाल कोळी म्हणाल तर तो कीटक नव्हे, आठ पायांचा आहे, फेब्रुवारीपासून कोरडी हवा सुरू झाली की कॅक्टसच्या शेंड्याजवळ गंजल्यासारखे डाग दिसतात, ते डाग परत जात नाहीत, म्हणून जानेवारीतच भिंग घेऊन बघायला लागा. त्यावर पाण्यात मिसळणारं गंधक २ ग्रॅम प्रति लिटर, पण कडक उन्हात नको आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन-तीन आठवडे तरी नको.

पानफुटी आणि कलंचोच्या पानात मात्र पारदर्शक फोड आल्यासारखं दिसलं तर थांबा. पानाच्या आत अळी असते, रेड पिएरो फुलपाखराची, काळं-पांढरं आणि खाली केशरी, आपल्याकडे अगदी बाल्कनीतही येतं. औषध नको. तेवढी पानं तोडून बाजूला एका जुन्या पानफुटीच्या कुंडीत ठेवा, मी एक कुंडी त्यांच्यासाठीच सोडलीय.

आणि मिलीबगच्या भावकीला हलकं घेऊ नका. फड्या निवडुंगावर पांढरा कापूस दिसला आणि चिरडल्यावर लाल रंग आला तर ते कोचिनील. त्याची एक जात १७९५ मध्ये रंगासाठी म्हणून भारतात आली आणि तिने निवडुंगाची अख्खी रानं वाळवली, पुढे १९२६ मध्ये दुसरी जात निवडुंग हटवण्यासाठी मुद्दाम आणली गेली. शोभेची ओपन्शिया, म्हणजे फड्या निवडुंगच, असेल तर जोरदार पाण्याच्या धारेने धुवा.

दिवाळीत नर्सऱ्यांमध्ये सेल लागतात, पुण्याजवळच्या उरळी कांचन-सोरतापवाडीकडून गाड्या भरून झाडं येतात, घ्या जरूर. फक्त नवीन कुंडी घरी आणली की त्याच दिवशी गड्डा काढून मुळं बघा, आणि स्वच्छ दिसली तरी महिनाभर ती वेगळ्या खिडकीत ठेवा, तिचा पाण्याचा ट्रे पण वेगळा.