कंपाउंडची भिंत: प्लास्टरवाला येण्याआधी

वीट, रेती, सिमेंट, पाणी मारणं यावर मी बोलत नाही, ते तुमचा मिस्त्रीच सांगेल. फक्त भट्टीतून नुकतीच उतरलेली वीट घेऊ नका. ताजी वीट हवेतला ओलावा पिऊन फुगते. पंधरा दिवस पडू द्या. आणि पायाचं इंजिनियरला विचारा. इंदूरची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. ते दुखणं सांध्याने, म्हणजे भिंतीत वरपासून खालपर्यंत मुद्दाम सोडलेल्या उभ्या फटीने, बरं होत नाही.

आता सांधे. दर सहा मीटरवर एक, शिवाय भिंत वळते तिथे एक. रुंदी दहा-बारा मिलिमीटर. सांध्याच्या दोन्ही बाजूंना आपापला खांब हवा, नाहीतर तुकडे झुलतील. चोवीस मीटरची भिंत तापमानातल्या चाळीस अंशांच्या फरकाने पाच-सहा मिलिमीटर लांब-आखूड होते. ती कुठेतरी सरकणारच.

राजेंद्रनगरच्या आमच्या भिंतीत मी हे सगळं केलं होतं. मग प्लास्टरच्या दिवशी लग्नाला देवासला गेलो. परत आलो तर मिस्त्री खुशीत: "साब, बीच-बीच में जगह छूट गई थी, भर दी." पहिल्याच थंडीत प्लास्टरवर उभ्या भेगा, अगदी सांध्यांवरच.

म्हणून सांगतो: प्लास्टरमध्येही सांधा. विटांत ठेवला म्हणजे झालं, असं नाही. प्लास्टर दोन्ही बाजूंनी तिथे तुटलंच पाहिजे, वरची कोपिंगसुद्धा, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरचा थर. सांध्यात थर्माकोलची पट्टी उभी करा, प्लास्टरच्या बाहेर दोन बोटं डोकावेल अशी, म्हणजे करणी तिला अडेल. भिंतीवर खडूने "भरना नहीं" लिहा. आणि त्या दिवशी घरीच राहा. लग्न असलं तरी.

प्लास्टर सुकलं की पट्टी काढा. मग हॅक्सॉचं पातं एका बाजूने घाला, पलीकडे मुलाला उभं करा. पातं त्याला दिसलं तर सांधा खरा. अडलं तर आत माल पडलाय. तो आत्ताच खरवडा, नंतर दगड होतो. वरपासून खालपर्यंत, प्रत्येक सांधा. कोपिंगखाली हमखास अडतं.

भरायला सिमेंट नको, पुट्टी तर नकोच. सियागंज बाजारात फोमची दोरी मिळते, ती आत दाबून वर पॉलीसल्फाइड किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट, म्हणजे रबरासारखं ताणणारं भरण. कडा कोरड्या, धूळ झाडलेली.

रंग शेवटी. रंगाऱ्यालाही तेच सांगा: पुट्टी ओढू नको.