कुकीच्या नावावरून लॉगिन सिस्टीमचं कूळ कसं काढायचं

नव्या प्रोजेक्टवर लॉगिनची सिस्टीम माझ्या ताब्यात आली की मॅन्युअल उघडण्याआधी मी तिची वंशावळ काढते. आयडेंटिटीच्या, म्हणजे लॉगिन आणि युजरची ओळख सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, धंद्यात कंपन्या इतक्यांदा विकल्या गेल्यात की पाटी नवी आणि आतला कोड वीस वर्षांपूर्वीचा, हे नेहमीचंच.

सुरुवात ब्राउझरपासून करा. टेस्ट सर्व्हरवर लॉगिन करून एफ-12 दाबा आणि कुकींची, म्हणजे साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदींची, यादी बघा. सिस्टीम फोर्जरॉक या कंपनीची असेल तर बहुधा 'आयप्लॅनेटडिरेक्टरीप्रो' अशी एक कुकी सापडेल. एका ग्राहकाकडे रात्रीच्या अपग्रेडमध्ये कुणीतरी हेच नाव प्रॉक्सीच्या (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मधल्या सर्व्हरच्या) पुढे जाऊ द्यायच्या कुकींच्या यादीतून काढून टाकलं. "आयप्लॅनेट आपण वापरतच नाही," असं त्याचं म्हणणं, आणि वरवर पाहता ते पटण्यासारखं होतं. सकाळी साडेआठपासून फोन सुरू: पासवर्ड बरोबर आहे, तरी पुन्हा लॉगिनचंच पान येतंय! दोन तास आम्ही डिरेक्टरी सर्व्हर, म्हणजे युजर आणि पासवर्ड ठेवणारा सर्व्हर, धुंडाळत बसलो; अडलं होतं ते त्या काढलेल्या कुकीपाशी.

त्या नावाचा माग असा. आयप्लॅनेट हा सन आणि नेटस्केप या कंपन्यांच्या 1999 च्या भागीदारीतला ब्रँड. पुढे त्यातलं लॉगिनचं प्रॉडक्ट सनकडे राहिलं आणि 2005 मध्ये सनने त्याचा कोड खुला करायचं जाहीर केलं, तोच ओपनएसएसओ. जानेवारी 2010 मध्ये ओरॅकलने सन ताब्यात घेतली. ओरॅकलकडे ऑब्लिक्स ही कंपनी विकत घेऊन मिळालेलं अ‍ॅक्सेस मॅनेजर आधीच होतं, त्यामुळे ओपनएसएसओ मागे पडलं. त्याच वर्षी सनच्या काही जुन्या मंडळींनी फोर्जरॉक काढली आणि तो कोड ओपनएएम या नावाने पुढे नेला. 2021 मध्ये फोर्जरॉक न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली. ऑगस्ट 2023 मध्ये थोमा ब्राव्हो या गुंतवणूक कंपनीने ती सुमारे 2.3 अब्ज डॉलरला घेऊन पिंग आयडेंटिटी या दुसऱ्या आयडेंटिटी कंपनीत विलीन केली. आता पाटी पिंगएएमची आहे. कुकीचं नाव मात्र टिकलं, कारण ग्राहकांचे प्रॉक्सी, एजंट (लॉगिन तपासणारे छोटे प्रोग्राम), स्क्रिप्ट सगळे त्यावरच बेतलेले असतात.

कुकीवरून उलगडा झाला नाही तर एरर लॉगमधली जावा पॅकेजची, म्हणजे कोडच्या गटांची, नावं वाचा. ओरॅकल आयडेंटिटी मॅनेजरमध्ये 'थॉरटेक' दिसतं, कारण ते मुळात थॉर टेक्नॉलॉजीज या कंपनीचं झेलरेट नावाचं प्रॉडक्ट. अ‍ॅडमिनच्या युजरनेममधली 'झेल' ही अक्षरं तिथलीच. नेटआयक्यूच्या आयडेंटिटी मॅनेजरमध्ये 'नॉव्हेल' आणि 'डिरएक्सएमएल' भेटतील. ते नॉव्हेलकडून 2011 मध्ये अ‍ॅटॅचमेटकडे, 2014 मध्ये मायक्रो फोकसकडे आणि 2023 मध्ये ओपनटेक्स्टकडे गेलं.

हे सगळं एका कागदावर उतरवा: वर्ष, मालक, त्या काळचं प्रॉडक्टचं नाव. सौदा जाहीर झाल्याची आणि पूर्ण झाल्याची तारीख वेगळी लिहा. ओरॅकल-सनचा सौदा एप्रिल 2009 मध्ये जाहीर झाला, पूर्ण व्हायला नऊ महिने लागले. या कागदाचा खरा उपयोग एरर शोधताना होतो. नव्या नावाने काही हाती लागलं नाही तर एकेक पिढी मागे जात जुन्या नावाने शोधा. मला बरीच उत्तरं ओपनएसएसओच्या नावाखाली मिळाली आहेत. सपोर्टचा करार कुठल्या नावावर आहे, तेही त्याच कागदावर टिपा.

आणि कॉन्फिग फाइलमध्ये कुकीचं नाव असलेल्या ओळीच्या वर कॉमेंट टाका: 'नाव जुनं आहे, पण वापरात आहे. काढू नये.'