घोरणं नाही, घोरण्यातला खंड मोजा

एसटीत 31 वर्षं गाडी चालवली, त्यातली बरीचशी सातारा-महाबळेश्वर. केळघर घाटात कधी डोळा लागला नाही. रिटायर झालो आणि पेपर हातात धरला की मान खाली. लोक म्हणायचे, आयुष्यभराची झोप वसूल करतोय. बीपीच्या तीन गोळ्या चालू, तरी वरचा आकडा 160 च्या खाली येईना. रात्री चारदा लघवीला उठायचो, ते प्रोस्टेटवर ढकलून मोकळा झालो होतो.

मेख हिला सापडली. म्हणाली, "अहो, तुमच्या घोरण्याने मला जाग येत नाही. घोरणं थांबलं की येते."

झोपेत श्वास असा पुन्हा पुन्हा अडतो, त्या आजाराला स्लीप एप्निया म्हणतात. तेव्हा पहिलं काम हे. घरच्या माणसाला घोरण्यातला खंड मोजायला सांगा. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला की तो एक धरायचा. हिने भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत मोजलं, एकदा 42 सेकंद. मग आचका देऊन घर्रर्र, धक्का मारून गाडी चालू होते तसं. एकटे राहत असाल तर मोबाइल उशाशी ठेवून रेकॉर्डिंग करा.

दुसरं, शिंप्याच्या टेपने गळा मोजा. 40 सेंटिमीटरच्या वर असला तर लिहून ठेवा. डॉक्टर आठ गोष्टी बघतात: घोरणं, दिवसाचा थकवा, श्वास थांबलेला कुणी पाहिला का, बीपी, वजन, वय 50 च्या वर, गळा आणि पुरुष असणं. प्रत्येकीला एक मार्क. आपल्यासारख्या म्हाताऱ्या पुरुषांना वयाचा आणि पुरुष असण्याचा, असे दोन मार्क काही न करताच. तीन किंवा जास्त झाले तर तपासणीचं बघा.

याचा हृदयाशी काय संबंध, ते मला डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. झोपेत जीभ आणि घसा सैल पडून वाट मिटते. छाती ओढतच राहते, हवा येत नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो आणि बीपी उसळतो. धडधाकट माणसाचा बीपी रात्री 10 ते 20 टक्के उतरतो, म्हणजे हृदयाला तेवढीच विश्रांती. आपल्याला तीही नाही. त्या ओढीने हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. ताणले की तिथून एक हार्मोन सुटतं, ते मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायला लावतं. माझ्या लघवीचं मूळ तिथे निघालं. ठोके वेडेवाकडे पडण्याचा आजार, एट्रियल फिब्रिलेशन, तोही याच कप्प्यांतला. घोरणाऱ्याची नाडी अडखळत असेल तर ईसीजी आधी.

आधीच्या डॉक्टरांनी दोन वर्षं गोळ्याच वाढवल्या, झोपेचं विचारलं नाही. मीही सांगितलं नव्हतं म्हणा. छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे रेकॉर्डिंग घेऊन जा आणि स्लीप स्टडी मागा. माझी घरीच झाली: बोटाला चिमटा, नाकाशी नळी, छातीला पट्टा. श्वास तासाला किती वेळा अडला ते रिपोर्टात येतं. 5 ते 15 सौम्य, 30 च्या वर तीव्र. माझे 41.

मग सीपॅप मशीन. मास्कमधून हवेचा दाब येतो आणि घशाची वाट उघडी राहते. माझ्या मिशांमधून हवा फुसफुस सुटायची. मिशा कातरल्या, फार वाईट वाटलं. सवय व्हायला दुपारी टीव्हीसमोर अर्धा तास नुसता मास्क लावून बसा. मशीनमधल्या पाण्याच्या भांड्यात डिस्टिल्ड पाणीच घाला, नळाच्या पाण्याने क्षार धरतात. लाइट जाते तिथे मशीन इन्व्हर्टरवर घ्या. पहिल्या रात्री मी एवढा गप्प झोपलो की ही दोनदा उठून छातीवर हात ठेवून गेली.

मशीन आलं म्हणजे अटॅक टळला, असं धरू नका. 2016 च्या एका मोठ्या अभ्यासात, आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांमध्ये सीपॅपने अटॅक आणि लकवा कमी झाले नाहीत. दिवसाची पेंग मात्र कमी झाली. ती माणसं रात्री सरासरी 3.3 तासच मशीन लावत होती, ही मेख आहेच. म्हणून रात्रभर लावा आणि गोळ्या मनाने सोडू नका. माझ्या तीनच्या दोन झाल्या, त्या डॉक्टरांनी केल्या. झोप येत नाही म्हणून पेग किंवा झोपेची गोळी तर नकोच, घसा आणखी सैल पडतो. कुशीवर झोपा. मी बनियनला पाठीमागे खिसा शिवून त्यात चेंडू ठेवायचो, उताणं झालं की टोचतो.

डेपोतला एक जुना सोबती परवा म्हणाला, आठवडाभर तुझं मशीन दे, बघतो. दिलं नाही. त्याच्या हृदयाचं पंपिंग कमी आहे. तशा माणसाचा श्वास कधीकधी घशामुळे अडतच नाही, मेंदूच इशारा द्यायचा थांबतो. त्याचा इलाज वेगळा, आणि एका जातीच्या मशीनने अशा काही रुग्णांना अपायच झालेला आहे. माझ्या मशीनचा दाब माझ्या घशापुरता लावलेला आहे. त्याला म्हटलं, हृदयाच्या सोनोग्राफीचा, म्हणजे इकोचा, रिपोर्ट काढून ठेव, सोमवारी बरोबर येतो.