बे एरियात हायस्कूल निवडताना: निकाल आणि विद्यार्थीवर्ग एकत्र वाचा

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात नोकरी पक्की झाली की घराआधी शाळेची चौकशी सुरू होते, आणि बहुतेकांच्या लेखी ही चौकशी घराच्या जाहिरातीशेजारी दिसणाऱ्या, जवळच्या शाळेला दिलेल्या दहापैकी गुणांच्या आकड्यापाशी संपते. आकडा नऊ किंवा दहा असला की जास्तीचे भाडे कबूल करून करारावर सही होते. इथे मुले वाढवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की तो आकडा शाळेतील शिकवण्याबद्दल जेवढे सांगतो, त्याहून अधिक तिथे येणाऱ्या घरांच्या परिस्थितीबद्दल सांगतो. म्हणून शाळेचा निकाल आणि शाळेतील विद्यार्थीवर्ग ही दोन्ही पाने शेजारी ठेवूनच वाचावीत.

ही माहिती मिळवण्यासाठी कोणाच्या ओळखीची गरज नाही. १९८८ साली मतदारांनी संमत केलेल्या प्रपोझिशन ९८ नुसार कॅलिफोर्नियातील प्रत्येक सरकारी शाळेला दरवर्षी आपला अहवाल जाहीर करावा लागतो. त्याखेरीज २०१७ पासून राज्याचा डॅशबोर्ड आहे, ज्यात लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा आणि निळा अशा पाच रंगांत शाळेची स्थिती दाखवली जाते. जुनी मंडळी अजूनही ‘आठशेच्या वरची शाळा’ असे बोलताना आढळतील. तो २०० ते १००० गुणांचा निर्देशांक केव्हाच बंद झाला आहे, त्यामुळे तो सल्ला आदराने ऐकून सोडून द्यावा.

हायस्कूल नववी ते बारावीचे असले तरी भाषा आणि गणिताची राज्यस्तरीय चाचणी फक्त अकरावीला होते, म्हणजे चार इयत्तांच्या शाळेचे मोजमाप एका वर्गावरून केले जाते. या चाचणीचा मुलाच्या शाळेतील श्रेणीवर परिणाम होत नाही, आणि पालकांनी लेखी कळवल्यास मुलाला तीतून वगळता येते. ती वसंतात, एपी (हायस्कूलमध्येच घेता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या) परीक्षांच्या तोंडावर येत असल्याने काही हुशार मुले ती देतच नाहीत. त्यामुळे टक्केवारीच्या आधी वर्गातील किती मुलांनी परीक्षा दिली, हे पाहावे.

आता विद्यार्थीवर्गाकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. समजा, एका शाळेत ८५ टक्के मुले अपेक्षित पातळीला पोहोचली आणि दुसऱ्या शाळेत ६०. दुसऱ्या शाळेत निम्मी मुले अल्प उत्पन्नाच्या घरांतील किंवा इंग्रजी नव्याने शिकणारी असतील, आणि उरलेल्या मुलांचा निकाल पहिल्या शाळेइतकाच असेल, तर आपल्या मुलासाठी या दोन शाळांत निकालापुरता फारसा फरक उरत नाही. राज्याच्या संकेतस्थळावर हा निकाल गटवार पाहता येतो. ‘आर्थिक-सामाजिकदृष्ट्या वंचित’ या गटात मुख्यतः मोफत किंवा सवलतीच्या जेवणास पात्र असलेली मुले येतात, तसेच ज्यांच्या आईवडिलांपैकी कोणीही हायस्कूल पूर्ण केलेले नाही अशी मुलेही येतात. ‘एशियन’ हा गट मात्र जपून वाचावा. फिलिपिनो मुले त्यात नसतात, त्यांचा गट वेगळा आहे. पण सॉफ्टवेअर अभियंत्याचा मुलगा आणि निर्वासित म्हणून आलेल्या ह्मोंग किंवा कंबोडियन कुटुंबातील मुलगी एकाच रकान्यात मोजली जातात. गट अगदी लहान असेल तर निकाल झाकलेला असतो आणि तीसपेक्षा कमी मुले असतील तर डॅशबोर्डवर रंग दिला जात नाही. ती रिकामी जागा म्हणजे वाईट निकाल नव्हे.

या विद्यार्थीवर्गात आपल्या मुलाची नोंद कशी होते, हे प्रवेशाच्या दिवशीच ठरू लागते. प्रवेशाच्या कागदांत घरच्या भाषेविषयी चार प्रश्न असतात. तिथे ‘मराठी’ लिहिले की पहिल्यांदाच कॅलिफोर्नियातील शाळेत आलेल्या मुलाची इंग्रजीची चाचणी तीस दिवसांच्या आत घेतली जाते, आणि ती पालकांना नाकारता येत नाही. ती टाळण्यासाठी सरळ ‘इंग्रजी’ लिहा, असा सल्ला आपल्याच लोकांकडून मिळतो. तो मला पटत नाही. इंग्रजी माध्यमातून आलेली अनेक मुले पहिल्याच चाचणीत प्रवीण ठरतात. जे ठरत नाहीत, त्यांना इंग्रजीच्या विशेष शिक्षणाचा हक्क मिळतो. त्यासाठी वेळापत्रकातला एखादा तास खर्ची पडू शकतो, एवढे मात्र समुपदेशकाशी बोलून घ्यावे.

आपल्याकडे दहावीचा निकाल परीक्षेला बसलेल्यांवरून काढतात. इथे हायस्कूल पूर्ण करण्याचे प्रमाण नववीत एकत्र आलेल्या तुकडीवरून, मध्येच शिक्षण सोडलेल्यांना धरून काढले जाते. त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे किती मुलांनी राज्याच्या विद्यापीठांसाठी लागणारे ‘ए ते जी’ विषय ‘सी’ किंवा त्याहून चांगल्या श्रेणीत पूर्ण केले. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी सॅट या परीक्षेचे गुण पाहत नाही. ती शाळेतील श्रेणी पाहते, आणि आपापल्या शाळेत वरच्या नऊ टक्क्यांत असणाऱ्यांना एका योजनेखाली विशेष ओळख देते. त्यातून बर्कलीसारख्या तिच्या नामांकित शाखेत प्रवेशाची हमी मिळत नाही. तरीही ज्या शाळेत सगळेच धावत आहेत तिथे मध्यम गतीचे मूल मागे पडल्यासारखे दिसते आणि स्वतःलाही तसेच समजू लागते, हे मी जवळच्या घरांत पाहिले आहे. कोणत्या हायस्कूलमधून किती अर्ज गेले आणि किती प्रवेश मिळाले, हे विद्यापीठ स्वतः जाहीर करते. ते जरूर पाहावे.

दहावी करून थेट अकरावीत येणाऱ्यांनी घर ठरवण्याआधी गुणपत्रिका घेऊन समुपदेशकाची वेळ घ्यावी, कारण अमेरिकेचा इतिहास, शासनव्यवस्था आणि अर्थशास्त्र हे विषय उरलेल्या दोन वर्षांतच बसवावे लागतात, आणि गणिताच्या कोणत्या वर्गात बसवणार यावर पुढचे बरेच अवलंबून असते.

शेवटी पत्त्याविषयी. फ्रीमाँट शहराचा शाळा-जिल्हा, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, फ्रीमाँट युनिफाइड. फ्रीमाँट युनियन हा दुसरा शाळा-जिल्हा मात्र खाडीपलीकडे सनीवेल-क्युपर्टिनोकडे आहे आणि फ्रीमाँट हायस्कूल सनीवेलमध्ये आहे. या नावांमुळे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. एजंटच्या तोंडी आश्वासनावर न जाता घराचा नेमका पत्ता शाळा-जिल्ह्याच्या प्रवेश कार्यालयाला कळवावा, त्या पत्त्याला कोणते हायस्कूल लागते आणि तिथे जागा आहे का, याचे लेखी उत्तर घ्यावे, आणि मगच भाडेकरारावर सही करावी.